डिस्प्ले ड्रायव्हरमधलं जुनं ‘स्टेट’ फील्ड काढायचंय, सरसकट रिप्लेस मारू का?

परसोडी_पॉइंटर

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या आयटी पार्कच्या बाजूला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही एआरएम बोर्डवर डिस्प्ले युनिटं बनवतो, कळमन्याला भाव दाखवायचे बोर्ड, वजनकाट्याजवळचे स्क्रीन, असली कामं. सगळं लिनक्स कर्नल ५.१० वर आहे आणि डिस्प्लेचा ड्रायव्हर आमचा स्वतःचा, मेनलाइनमध्ये (कर्नलच्या अधिकृत कोडमध्ये) नाही. लिहिणारे दादा केव्हाच दुसरीकडे गेले. आता नवीन चिप घेतली, तिचा सपोर्ट एकदम ताज्या कर्नलमध्येच आहे म्हणून उडी मारायचं ठरलं आणि बिल्ड फुटला.

फुटला तो मुख्यतः एकाच कारणाने. डीआरएम म्हणजे कर्नलमधली डिस्प्लेची सिस्टम. तिच्या ॲटॉमिक स्टेटमध्ये (एकदम लावायच्या बदलांचा गठ्ठा) प्रत्येक सीआरटीसी (स्क्रीनला सिग्नल देणारा भाग), प्लेन (चित्राचा थर), कनेक्टर (केबल लागते ती जागा) यांच्यासाठी एक छोटं स्ट्रक्चर असते, त्यात ‘स्टेट’, ‘ओल्ड_स्टेट’, ‘न्यू_स्टेट’ असे पॉइंटर. आमचा ड्रायव्हर सगळीकडे, तीसेक जागी, त्यातलं नुसतं ‘स्टेट’ वापरतो, कुठे थेट तर कुठे गेट_एक्झिस्टिंग_सीआरटीसी_स्टेट या फंक्शनमधून. ते डेप्रिकेटेड होतंच, आता नवीन कोडमधून गेलंच.

टीम लीडचं म्हणणं, सगळीकडे न्यू_स्टेट टाक, रिप्लेस ऑल मार, चहा यायच्या आत होऊन जाते. मला पटून नाही राहिलं, पण का पटत नाही हेही धड सांगता येत नाही. कोणी केलंय का हे काम?

बर्डीचा_बाप्या

मार ना बे रिप्लेस. कंपाइल झालं म्हणजे झालं. बाकी कस्टमर टेस्टिंग करतेच.

केबल_काका

थांब रे बाबू, बाप्याचं ऐकू नको.

ही भानगड जुनी आहे. ॲटॉमिक मोडसेटिंगचा गाभा ३.१९ ला आला आणि ४.२ पासून, म्हणजे २०१५ मध्येच, तो सगळ्यांसाठी चालू झाला. तेव्हा प्रत्येक वस्तूसाठी एकच ‘स्टेट’ पॉइंटर होता. आधी चेक चालते, युजरस्पेसनं (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामनं) जे मागितलं ते हार्डवेअरला झेपते का हे पाहायचं, अन् तेव्हा ‘स्टेट’ म्हणजे मागितलेली, नवीन अवस्था. चेक पास झाला की स्वॅप_स्टेट चालते. त्या क्षणी सीआरटीसीला नवीन स्टेट चिकटते आणि जुनी येऊन या ‘स्टेट’ पॉइंटरमध्ये बसते. फील्ड तेच, पण स्वॅपच्या आधी त्यात नवीन माल अन् स्वॅपनंतर जुना. तू कोणत्या फंक्शनमध्ये उभा आहेस त्यावर सगळं ठरते, आणि फंक्शनकडे पाहून ते दिसत नाही, त्याला कोण बोलावते ते पाहावं लागते.

२०१७ ला ४.१२ मध्ये ओल्ड_स्टेट आणि न्यू_स्टेट वेगळे आले ते याच्यासाठीच. ते दोघं स्वॅपनं पलटत नाहीत. सोबत फॉर_ईच_ओल्डन्यू वाले मॅक्रो पण आले.

तर जसंच्या तसं वागणं ठेवायचं असेल तर चेकच्या वाटेवर न्यू अन् कमिटच्या (हार्डवेअरला लावायच्या) वाटेवर ओल्ड. तुझ्या लीडचा रिप्लेस अर्ध्या जागी बरोबर पडेल आणि अर्ध्या जागी उलटा. आणि ज्या जागी उलटा पडेल तिथे कंपाइलर चूं करणार नाही, दोघांचा टाइप एकच आहे.

वाळ्याचा_कूलर

मी हेडिंग पाहून आलो, म्हटलं स्टेट म्हणजे वेगळा विदर्भ सुरू झाला इथे. कोणी माणसाच्या भाषेत सांगेल का हे?

सायली_फुटाळा

@वाळ्याचा_कूलर हाहाहा. घ्या.

घरचा विजेचा मीटर बदलायला माणूस आला. भिंतीवर जुना मीटर, त्याच्या पिशवीत नवा. बदलून झाल्यावर भिंतीवर नवा आणि पिशवीत जुना. आता कोणी चिठ्ठीत लिहिलं “पिशवीतल्या मीटरचं रीडिंग घ्या”, तर ते कोणत्या मीटरचं रीडिंग? माणूस काम करून निघाला की करायचा आहे त्यावर अवलंबून. पॉइंटर दादाच्या ड्रायव्हरमध्ये सगळीकडे “पिशवीतला” लिहिलं आहे. आणि भिंतीवरचा म्हणजे सीआरटीसी->स्टेट, त्याचं बरोबर उलट होतं, आधी जुना मग नवा. ओल्ड_स्टेट न्यू_स्टेट म्हणजे मीटरवर नंबर टाकून दिले, कुठेही ठेवा.

आणि काका, अजून एक मजा आहे. हे फील्ड पूर्ण काढलेलं नाहीये. २०२५ मध्ये पॅचेस आले त्यात त्याचं नाव बदलून स्टेट_टू_डिस्ट्रॉय केलं. कारण शेवटी पिशवीत जे उरलं तेच मोडीत जातं ना. कमिट झालं तर जुनी स्टेट फ्री करायची, आणि चेक नापास झाला किंवा युजरस्पेसनं टेस्ट_ओन्ली मारून फक्त विचारूनच पाहिलं तर नवीन स्टेट फ्री करायची. तेवढ्या एका कामासाठी तो पलटी मारणारा पॉइंटर लागतोच, म्हणून ठेवला, फक्त नाव असं दिलं की दुसऱ्या कोणाला हात लावावा वाटू नये.

वाळ्याचा_कूलर

समजलं. म्हणजे जेवढं समजायचं तेवढं समजलं. ताई, तुम्ही शिकवणी घ्या.

एलटीएस_झिंदाबाद

माझं मत वेगळं आहे. बदलता कशाला? भावाचा बोर्ड आहे, त्यावर संत्र्याचा भाव दाखवायचा आहे, त्याला ताजं कर्नल कशाला पाहिजे. चिपचा सपोर्ट जुन्या कर्नलवर बॅकपोर्ट करा, क्लॉक, पिनकंट्रोल, डीटीबी एवढंच तर असते. ड्रायव्हरला हात लावू नका. जे चालून राहिलं ते चालू द्या.

हे कर्नलवाले दर दोन वर्षांनी फंक्शनची नावं बदलतात आणि आपण इथे त्यांच्यामागे पळत बसायचं. आमच्याकडे एका प्रोजेक्टमध्ये प्लेनच्या हुकचे (कर्नल बोलावते त्या ड्रायव्हरच्या फंक्शनचे) आर्ग्युमेंट बदलले म्हणून पूर्ण स्प्रिंट गेली होती.

केबल_काका

@एलटीएस_झिंदाबाद प्लेनचे हुक बदलले त्याचं कारण पण हेच होतं हो. आधी ॲटॉमिक_अपडेटला ‘ओल्ड_स्टेट’ नावाची प्लेन स्टेट यायची आणि ॲटॉमिक_चेकला नुसती ‘स्टेट’, आता दोघांनाही पूर्ण ॲटॉमिक स्टेट येते आणि तुम्ही तिच्यातून जुनी-नवी मागून घ्यायची. दहा वर्षांपासून एकच खोली झाडून राहिले ते लोक.

आणि कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चक्क एक फाइल ठेवली आहे ज्यात लिहिलं आहे की कर्नलच्या आतला एपीआय स्थिर राहणार नाही, मागू पण नका. युजरस्पेसचा एपीआय मोडायचा नाही ही शपथ, आतलं काहीही बदलू. त्यात मला अन्याय दिसत नाही. जो फील्ड काढते त्यालाच मेनलाइनमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यावे लागतात. पॉइंटरचा ड्रायव्हर आत असता तर पॅच लिहिणाऱ्यानं त्याच्या तीसेक जागा पण बदलून दिल्या असत्या, तेही फुकट.

एलटीएस_झिंदाबाद

काका, फुकट काही नसते. मेनलाइनमध्ये टाकायला जे रिव्ह्यू लागतात, डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगपासून सुरू, त्यात एका माणसाचं वर्ष जाते. छोट्या कंपनीला ते परवडत नाही. हे मी तुम्हाला पटवून देऊ शकणार नाही आणि तुम्ही मला, सोडा.

कोथरूडकर_सध्या

आमच्याकडे असा बदल आला की आधी डिझाइन रिव्ह्यू होतो, इम्पॅक्ट ॲनालिसिसची शीट भरावी लागते, मग कोडला हात. धाग्यात विचारून प्रॉडक्शनचा ड्रायव्हर बदलणं जरा धाडसीच वाटलं.

बर्डीचा_बाप्या

तुमच्याकडे चहाले पण रिव्ह्यू लागते. दुकान एक ते चार बंद, बग चार नंतर.

कोथरूडकर_सध्या

हा विनोद नवीन आहे वाटतं.

मॉडरेटर_तात्या

पुणे-नागपूर दुसऱ्या धाग्यात. तिथे आधीच नऊ पानं झाली आहेत, दहाव्याची वाट पाहून राहिले लोक.

ऋषी_हॉस्टेल_बाहेर

काका, ताई, मी व्हीएनआयटीला थर्ड इयरला आहे. एक विचारायचं होतं. कोक्सिनेल नावाचं टूल आहे ना, सिमँटिक पॅच लिहिला की पूर्ण कोडमध्ये पॅटर्न शोधून बदलते. पॉइंटर दादांचं काम त्याने नाही होणार का? कर्नलमध्ये मेक कॉक्सीचेक पण आहे.

दुसरं म्हणजे असे बदलाचे पॅच मी मेनलाइनला पाठवले तर इंटर्नशिपसाठी काही फायदा होतो का.

सायली_फुटाळा

@ऋषी, कोक्सिनेल मस्त आहे, सेडपेक्षा (साध्या टेक्स्ट रिप्लेसपेक्षा) कितीतरी शहाणं, कारण त्याला सीचं व्याकरण कळतं, स्पेस आणि ओळ तोडण्याने गडबडत नाही. चेकचं फंक्शन ज्या ऑप्स स्ट्रक्चरमध्ये नोंदवलं आहे तिथून नाव पकडायचं आणि मग त्या फंक्शनच्या पोटात बदल करायचा, असा सिमँटिक पॅच लिहिता येतो. सरळ केसेस त्यात निघून जातात. अडतं कुठे, तर मधल्या हेल्परमध्ये. चेकने हेल्पर एकला बोलावलं, त्याने हेल्पर दोनला, आणि त्याच दोनला कमिट पण बोलावतं. तिथे कोणतंही टूल सांगू शकत नाही की लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं. ती जागा माणसाने वाचायची.

पॉइंटर दादा, माझा सल्ला एवढाच की तुमच्या तीसेक जागांपैकी अशा दोन्हीकडून बोलावल्या जाणाऱ्या किती आहेत ते आधी काढा. बाकीच्या बहुतेक लीड म्हणतो तशा चहा यायच्या आतच होतील, खरंच.

गोरेवाडा_गिट

इंटर्नशिपचं मी सांगतो. डीआरएमच्या डॉक्युमेंटेशनमध्येच टूडू लिस्ट आहे, प्रत्येक कामापुढे लेव्हल लिहिली आहे, स्टार्टर, इंटरमीडिएट, ॲडव्हान्स्ड, आणि कोणाला विचारायचं त्याचं नाव. स्टार्टरमधलं घे. लॉगिंगचे जुने मॅक्रो काढून डिव्हाइसचा पॉइंटर घेणारे नवीन मॅक्रो टाकायचे, असलं काम. चेकपॅच चालव, गेट_मेंटेनर चालव, गिट सेंड-ईमेलनं साध्या टेक्स्टमध्ये पाठव. जीमेलच्या खिडकीत पेस्ट करून पाठवला तर टॅबची वाट लागते आणि पॅच लागत नाही. खाली साइन्ड-ऑफ-बाय, स्वतःच्या नावाने, इथल्या आयडीने नाही.

पण एक सांगतो, स्टेटच्या बदलाला हात लावू नको एवढ्यात. ज्या ड्रायव्हरचं हार्डवेअर तुझ्याकडे नाही त्यात असा बदल करून “फक्त कंपाइल करून पाहिलं” लिहिलं की मेंटेनर विचारतोच की चालवून कोणी पाहिलं. व्हीकेएमएस आहे, सगळं सॉफ्टवेअरमधलं डिस्प्ले, कोणतंही कार्ड लागत नाही, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालते आणि त्यावर आयजीटीच्या (डीआरएमच्या टेस्टचा संच) टेस्ट पण चालतात. तिथे आधी खेळ.

बर्डीचा_बाप्या

एवढे पॅच पाठवून गोकुळपेठेत एक प्लेट तर्री पोहे फुकट भेटतात का?

गोरेवाडा_गिट

पोहे नाही, पण गिट लॉगमध्ये नाव कायमचं राहते. तुझं कुठे आहे, उधारीच्या वहीत.

हिंगणा_हार्डवेअर

धाग्याचा विषय सोडून एक. पॉइंटर भाऊ, तुमचे बोर्ड कळमन्याला उघड्यावर आहेत का? माझ्याकडे मागच्या उन्हाळ्यात एक पार्टी बोंबलत आली की दुपारी स्क्रीन काळा पडते, संध्याकाळी आपोआप ठीक, ड्रायव्हरमध्ये बग आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनी आठवडाभर लॉग खरडले. ड्रायव्हरचा काही संबंध नव्हता. एलसीडीतल्या लिक्विड क्रिस्टलचं एक ठराविक तापमान असते, त्याच्या वर गेलं की त्याची रचनाच विस्कटते आणि तेवढा भाग काळा होते, थंड झालं की परत येते. हवा ४५ अंशांवर, वरून थेट ऊन काचेवर आणि आतून बॅकलाइट, पॅनलचं तापमान किती जात असेल विचार करा. बाहेर लावायला जास्त तापमानाचं पॅनल घ्यावं लागते अन् वरून सावली.

तेव्हा नवीन कर्नल टाकल्यावर मे महिन्यात कोणी काळ्या स्क्रीनचा फोटो पाठवला तर आधी पॅनलला हात लावून पाहा, मग गिट बायसेक्ट (कोणत्या बदलाने फुटलं ते शोधणं).

परसोडी_पॉइंटर

@हिंगणा_हार्डवेअर आमचे शेडमध्ये आहेत भाऊ, पण पत्र्याचं शेड आहे. हे लीडला दाखवतो, त्याच्याकडे अशी एक तक्रार पडून आहे खरी.

सायली ताई, तुम्ही म्हणता तसं करून राहिलो, कोण कोणाला बोलावते त्याचा झाड कागदावर काढला आहे. उद्यापर्यंत टाकतो इथे. तोपर्यंत एक शंका, गेट_न्यू_सीआरटीसी_स्टेट आणि गेट_सीआरटीसी_स्टेट, दोन्ही आहेत, मधला ‘न्यू’ सोडून नाव सारखंच. ऑटोकम्प्लीटमध्ये दोन्ही येतात. फरक किती महत्त्वाचा?

केबल_काका

खूप. यातच लोकांचे हात भाजतात.

‘न्यू’ वालं फक्त पाहते. ती सीआरटीसी या कमिटमध्ये सामील असेल तर तिची नवीन स्टेट देते, नसेल तर नल (रिकामा पॉइंटर) देते. बस. ‘न्यू’ नसलेलं सामील नसेल तर सामील करून घेते, म्हणजे लॉक घेते, स्टेटची कॉपी बनवते, मग देते. ते जमलं नाही तर नल नाही देत, एरर पॉइंटर देते. लॉकमध्ये अडकलं तर मायनस ईडेडलॉक येते, ते न खाता वर जसंच्या तसं परत पाठवायचं असते, वरचं कोड सगळे लॉक सोडून पहिल्यापासून सुरू करते. मध्येच त्याचं मायनस ईइन्व्हॅल करून टाकलं तर कधीतरी, महिन्यातून एकदा, मोड लागणार नाही अन् कारण सापडणार नाही.

तर दोन नियम ठेव. एक, चेकमध्ये दुसरी वस्तू ओढून आणायची असेल तरच ‘न्यू’ नसलेलं, आणि कमिटमध्ये ते कधीच नाही, तिथे नवीन वस्तू सामील करायची वेळ निघून गेलेली असते. दोन, एकाच्या जागी दुसरं टाकलं की खालचा इफ पण बदल. इझ_एरर (एरर पॉइंटर ओळखणारी तपासणी) ने नल पकडल्या जात नाही. नल आला, इझ_एरर म्हणालं सगळं ठीक, पुढच्या ओळीत ऊप्स, म्हणजे कर्नल क्रॅश.

एलटीएस_झिंदाबाद

वरचे दोन नियम मी पण सेव्ह केले. मत बदललं नाही.

परसोडी_पॉइंटर

आलो परत. काल लाइट गेली होती आमच्या भागात म्हणून उशीर झाला.

झाड काढला. बहुतेक जागा सरळ निघाल्या, चेकमध्ये किंवा कमिटच्या हुकमध्ये, त्या बदलल्या. दोन्हीकडून बोलावल्या जाणाऱ्या थोड्याच होत्या, त्यातली एक आणि सरळवाल्यांतली एक इथे टाकतो कारण त्या एकमेकांच्या अगदी उलट निघाल्या.

पहिली, पिक्सेल क्लॉक ठरवणारं हेल्पर. चेकमध्ये ते मोड पाहून सांगते की पीएलएलला (क्लॉक बनवणाऱ्या सर्किटला) ही फ्रिक्वेन्सी जमेल का. कमिटमध्ये तेच हेल्पर बोलावून पीएलएल लावतात. दोन्हीकडे ‘स्टेट’. म्हणजे कमिटमध्ये ते जुन्या मोडची फ्रिक्वेन्सी काढून लावत होतं! टीव्ही १०८० वरून ७२० वर नेला की पहिल्या वेळी क्लॉक चुकीची, तोच मोड पुन्हा पूर्ण लावला की बरोबर, कारण आता जुनी पण ७२० चीच. आमचे बोर्ड एकदा चालू झाले की मोड बदलत नाहीत म्हणून इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही. दुकानदार मात्र म्हणायचे की “टीव्ही बदलला की केबल दोनदा लावावी लागते”, ते सपोर्टवाल्यांनी केबल ढिली म्हणून नोंदवून ठेवलं होतं. इथे लीडचा रिप्लेस ऑल बरोबर पडला असता, दोन्हीकडे न्यू पाहिजे.

दुसरी, प्लेन बंद करताना चालणारं फंक्शन. त्यात ‘स्टेट’मधल्या फ्रेमबफरचा फॉरमॅट पाहून ठरवतात की वायूव्हीचा (व्हिडिओच्या रंगाचा फॉरमॅट) दुसरा चॅनल पण बंद करायचा का. कमिटची वाट, म्हणजे ‘स्टेट’ जुनी, आणि पाहिजेही जुनीच, कारण प्लेन बंद होताना नवीन स्टेटमध्ये फ्रेमबफर नलच असतो. इथे न्यू टाकलं असतं तर पहिल्यांदा व्हिडिओचा प्लेन बंद झाला की कर्नल पडलं असतं. ही रिप्लेसमध्ये गेली असती तर शिपमेंट झाल्यावरच कळलं असतं, कारण टेस्ट बेंचवर आम्ही व्हिडिओ चालवतच नाही, नुसते आकडे दाखवतो.

लीडला दोन्ही दाखवल्या. तो म्हणाला पहिलीत तर मी बरोबर होतो.

बर्डीचा_बाप्या

लीड माणूस पक्का आहे. प्रमोशन घेते तो.

सायली_फुटाळा

सुंदर सापडलंय हे. आता एक करा, हे एकाच पॅचमध्ये टाकू नका. ज्या जागी वागणं तसंच राहतं ते सगळं एका पॅचमध्ये, मेसेजमध्ये लिहा की वागणुकीत बदल नाही. दुसरी जागा पण त्यातच, तिथे ओल्ड टाकलं की वागणं तेच. क्लॉकवाली जागा मात्र दोन पायऱ्यांत. आधी हेल्परला स्टेट शोधायला लावू नका, मोड आर्ग्युमेंट म्हणून बाहेरून द्या, चेकमधून न्यूचा, कमिटमधून सध्या ओल्डचा. मग वेगळ्या पॅचमध्ये ती एकच ओळ ओल्डची न्यू करा आणि तिथे केबल दोनदा लावायची पूर्ण कथा लिहा. उद्या कोणाच्या टीव्हीवर काही फुटलं तर बायसेक्ट त्या एका ओळीवर येऊन थांबेल.

कोथरूडकर_सध्या

हे आवडलं. याला आमच्याकडे इम्पॅक्ट ॲनालिसिस म्हणतात.

केबल_काका

बरोबर सायली. आणि पॉइंटर, कासान (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) चालू करून एकदा पूर्ण फिरव. जुनी स्टेट कमिट संपल्यावर फ्री होते, तुमच्या त्या दादांनी कुठे तिचा पॉइंटर ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवला असेल, वर्कक्यूसाठी किंवा इंटरप्ट हँडलरसाठी, तर ते असंच सापडते. ओल्ड_स्टेट नाव दिल्याने ती जास्त जगत नाही. मोडटेस्टला -ए लावून ॲटॉमिकनं मोड बदल, प्लेन लाव-काढ, केबल काढ-घाल, सगळं एकामागून एक. आकडे दाखवून टेस्ट झाली म्हणू नको.

परसोडी_पॉइंटर

काका, एक जागा आहे अशी. व्हीब्लँकच्या (दोन फ्रेमच्या मधल्या) इंटरप्टमध्ये सीआरटीसी->स्टेट मधून मोड वाचतात, टायमिंग काढायला. ते तर ‘भिंतीवरचं’ आहे, ते चालेल ना?

केबल_काका

नाही ठेवू. सीआरटीसी->स्टेट लॉकखाली आहे आणि इंटरप्टमध्ये तो लॉक घेता येत नाही. कमिट चालू असताना हेल्पर क्रम सांभाळतात म्हणून कमिटच्या आत, हार्डवेअरचं काम झालं हे सांगेपर्यंत, ते वाचलेलं चालते. इंटरप्टला तो क्रम लागू नाही. तू मोड वाचून राहिला आणि तिकडे स्वॅप होऊन जुनी फ्री झाली, मग? कमिटमध्ये लागणारे चार आकडे स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये स्पिनलॉकखाली कॉपी करून ठेव, इंटरप्टनं ते वाचायचे. हे तुझ्या मूळ कामात येत नाही, पण आता उघडलंच आहे तर वेगळा पॅच करून टाक.

एलटीएस_झिंदाबाद

पाहा. एक फील्ड बदलायला निघाले, दोन बग निघाले. म्हणूनच मी म्हणतो हात लावू नका.

गोरेवाडा_गिट

बग तर आधीपासून होते ना भाऊ.

एलटीएस_झिंदाबाद

हो पण शांत होते.

ऋषी_हॉस्टेल_बाहेर

सगळे इथे आहेत तर सांगतो, लॉगिंगवाला पॅच काल रात्री पाठवला. सकाळी उठलो तर कर्नल टेस्ट रोबोटचा मेल, एका कॉन्फिगमध्ये वापरात नसलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग. माझ्या मशीनवर नव्हती आली. आता माफीचा मेल पाठवू का काय करू?

गोरेवाडा_गिट

माफी कशाची, रोबोट आहे तो, सगळ्यांनाच पाठवते. डब्ल्यू=१ (जास्तीच्या वॉर्निंग) लावून बिल्ड कर, त्याने मेलमध्ये जोडलेली कॉन्फिग फाइल वापर, वॉर्निंग काढ आणि व्ही२ (पॅचची दुसरी आवृत्ती) पाठव. आज लगेच नको पाठवू, एक-दोन दिवस थांब, माणसांचे रिव्ह्यू पण येऊ दे, सगळं एकदम घे.

ऋषी_हॉस्टेल_बाहेर

व्ही२ मध्ये काय बदललं ते कुठे लिहायचं?

केबल_काका

कमिट मेसेजनंतरच्या तीन डॅशच्या खाली. डीआरएममध्ये काही जण मेसेजमध्येच ठेवतात, ते पण चालते. आणि आधीच्या मेलची लिंक दे.